मानेवरचा हात

काकू म्हणजे गुरुजींची बायको. वेदपाठशाळेतल्या मुलांचा स्वयंपाक त्यांनी बेचाळीस वर्षं केला. स्वयंपाकघर आणि वर्ग यांच्यात एकच भिंत, तीही अर्धी. त्यामुळे गुरुजींनी मुलांना जे जे पढवलं ते भांडी घासता घासता काकूंच्याही कानात शिरलं आणि तिथंच मुक्कामाला राहिलं. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

गुरुजींची रीत एकच. मुलाला समोर बसवायचं, त्याच्या मानेवर हात ठेवायचा. स्वर उतरला की मान खाली, चढला की वर. चुकलं की म्हणायचे, "पुन्हा." बिनचूक आलं की हात काढायचा, शाबासकी-बिबासकी काही नाही. आणि तीच चूक शंभरदा करणारा एखादा निघाला, तर वाक्य ठरलेलं: "तुला जमणार नाही. घरी जा." त्या पोराचे डोळे पुसून, त्याला पोटभर जेवू घालून काकू निरोप द्यायच्या आणि मग आठवडाभर नवऱ्याशी तिरकं बोलायच्या. "दगड आहात नुसते!"

मग एका सकाळी गुरुजींना मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, बोलणं गेलं. पाणी, चहा, मुलीचं नाव, सगळं पुसलं गेलं. "पाठ केलेलं राहतं कधीकधी," डॉक्टर म्हणाले. खरंच, वेद तेवढे घडाघडा चालू. बायकोला जन्मभर "अगं" म्हणायचे, तेही गेलं. भिंतीकडे पाहावं तसे तिच्याकडे पाहायचे. काकूंना दुसरं काही नको होतं. एकदा ओळखीनं पाहावं, एकदा "अगं" म्हणावं.

चार महिन्यांनी एका दुपारी गुरुजी पुटपुटत होते. त्यांचं तोंड पुसता पुसता काकू नकळत पुढची ओळ म्हणाल्या आणि चुकल्या. गुरुजी थांबले. त्यांचा हात उठला आणि काकूंच्या मानेवर आला.

"पुन्हा," ते म्हणाले.

त्यांनी ओळ नीट म्हटली. हात निघाला. गुरुजी परत भिंतीकडे.

तेव्हापासून काकू रोज चुकायला बसू लागल्या. कामं भराभर उरकायची, केस विंचरायचे आणि समोर बसून तीच ओळ, तीच चूक. इतक्या वर्षांच्या संसारात त्या माणसाचा हात एवढा वेळ अंगावर राहिला नव्हता.

"आई, वेडी आहेस का? येतं ना तुला नीट?" मुलगी म्हणाली.

"नीट म्हटलं की हात काढतात गं."

या लोभात काकू एक गोष्ट साफ विसरल्या. पाठशाळेतल्या कुठल्याही पोरानं ती सांगितली असती.

महिना-दीड महिना गेला. मग एका दुपारी काकू चुकल्या आणि "पुन्हा" आलं नाही. गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं, अगदी डोळ्यांत डोळे घालून. काकूंचा जीव कानात गोळा झाला. आता "अगं" म्हणतील. गुरुजींनी मानेवरचा हात हळूच काढून घेतला.

"तुला जमणार नाही," ते मायेनं म्हणाले. "घरी जा."

"अहो, कुठं जाऊ? हेच घर आहे माझं!" काकूंनी घाईघाईनं ओळ बिनचूक म्हटली. दोनदा, पाचदा, दहादा. गुरुजी भिंतीकडे वळले होते.

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. घरी निघालेल्याला त्यांनी कधी उपाशी पाठवलं नव्हतं. त्यांनी एक ताट वाढलं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यापुढे नुसत्या बसून राहिल्या.