बाबाराव भोयर यांची घंटी

बाबाराव तुकाराम भोयर (१९४९–२०२४), मूळचे राळेगाव तालुक्याचे, चौतीस वर्षे एसटीत वाहक होते. पत्नीच्या निधनानंतर मुलगा बंटी याने पुण्यास बोलावले असता, तेथे ओळखीचा एकही थांबा नाही, या कारणास्तव त्यांनी नकार दिला व यवतमाळात विमलताईंकडे भाड्याची खोली ठरवली. त्याच दिवशी विमलताईंच्या यजमानांनी तीच खोली पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या बादल किसनसिंग आडे या बावीस वर्षांच्या उमेदवारास दिली होती. दोघेही सामानासह आले. दोघांपैकी कोणीही परत जाईना. अखेर दुसरी खाट टाकण्यात आली.

भंगारात निघालेल्या एका गाडीची पितळी घंटी बाबारावांनी जपून ठेवली होती. ती त्यांनी खोलीत दोरीने टांगली. एक टोला म्हणजे थांबणे, दोन म्हणजे निघणे. जेवण, अंघोळ, बादलचे मोबाइलवरील बोलणे, सारे या नियमाने चाले.

"बाबाजी, मी काय एसटी आहो का?"

"एसटी टायमावर निंघते. तू कुठी निंघतं?"

मैदानावर मात्र हाच नियम उपयोगी पडला. सोळाशे मीटर धावताना बादल आरंभीच दम संपवी. बाबाराव रोज सकाळी घंटी घेऊन कुंपणाबाहेर उभे राहू लागले. तो उधळला की एक टोला. बादल जागीच थांबे. श्वास बसला की दोन. सात महिन्यांत पाय कानांच्या हुकमात आले. परीक्षेच्या दिवशी केवळ सुरुवातीचे दोन टोले द्यायचे, पुढे घंटीस हात लावायचा नाही, असे ठरले होते.

त्या दिवशी शेवटच्या फेरीत बादल दुसरा होता. इतक्यात बाबारावांजवळच रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका बाईने कळंबच्या गाडीला हात दाखवला. बाबारावांचा हात आपोआप हलला आणि एक टोला पडला. बादल थांबला. गाडीही थांबली. बाई दोन पिशव्यांसह वर चढून दार लागेपर्यंत बाबारावांनी पुढचे टोले दिले नाहीत. ते दिले तेव्हा बादल निघाला.

निवड एका गुणाने हुकली.

"काहून वाजवली, बाबाजी?"

"बाईनं हात दाखवला न बाप्पा."

"मंग मले कायले थांबवलं?"

"तू तरी कायले थांबला?"

बादल त्याच संध्याकाळी पिशवी उचलून तांड्यावर निघून गेला. दहा दिवसांनी आई भुरीबाईंनी दिलेला ठेच्याचा डबा घेऊन परतला, तेव्हा छताची दोरी सोडलेली होती आणि घंटी बाबारावांच्या नोकरीतल्या तिकिटांच्या पेटीत होती. ती त्याने स्वतः पुन्हा टांगली.

"आता दोनच वाजवायच्या. एकवाली बंद."

"अन् थांबाचं कसं?"

"मी पाहून घेतो नं."

पुढील भरतीच्या वेळी घंटी विमलताईंकडे ठेवून बाबाराव दोन्ही हात खिशात घालून कुंपणाशी उभे होते. बादलची निवड झाली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर अल्प आजाराने बाबाराव निवर्तले. बंटीने तिकिटांची पेटी स्वतःकडे ठेवली व घंटी बादलला दिली. निवड झाल्यावर भुरीबाईंनी बाबारावांना तांड्यावर जेवायला बोलावले होते आणि त्यांनी येतो म्हणून कळवलेही होते. ते जाणे राहिले. घंटी भुरीबाईंच्या दारात टांगलेली आहे.