अन्य नाव: नाही

फॉर्म भरताना मी खोटं बोलले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. त्यानंतर कित्येक आठवडे मी हेच वाक्य इतक्या जणांना इतक्या तऱ्हांनी सांगितलं की शेवटी माझाच त्यावरचा विश्वास उडायला लागला होता.

दोन हजार पाच साल होतं. इंग्लंडमध्ये नुकताच नियम झाला होता की सरकारमान्य नोंदवहीत नाव असल्याशिवाय कुणीही स्वतःला सोशल वर्कर म्हणवून घ्यायचं नाही. मी नागपूरला एमएसडब्ल्यू केलं होतं, तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात दोन वर्षं पेशंटांच्या घरच्यांशी बोलण्याचं काम केलं होतं, आणि मग लग्न होऊन नवऱ्यामागे लंडनच्या विमानतळाजवळ, हाउन्सलोला आले होते. तो सॉफ्टवेअरवाला. सकाळी बेसिंगस्टोकला जायचा आणि संध्याकाळी ट्रेनच्या तक्रारी घेऊन परतायचा. मी विमानतळावरच्या एका दुकानात सँडविच विकायचे. सुपरवायझरला माझं नाव उच्चारता येत नव्हतं, म्हणून तिने ते अर्ध्यात कापून माझ्या बिल्ल्यावर लावलं होतं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. नावाच्या बाबतीत मी तशी कोडगीच होते.

अशात एका कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, वृद्ध माणसांचं पाहणाऱ्या टीममध्ये, माझी निवड झाली. इंटरव्ह्यूला मी इतकी घाबरले होते की पाण्याचा ग्लास उचलायलाही भीती वाटत होती, पण निवड झाली. पत्रात एकच अट होती: नोंदणी झाली तरच नोकरी.

नोंदणीचा फॉर्म चांगला जाडजूड होता. मी तो आठ दिवस पुरवून पुरवून भरला. आडनाव, नाव, लग्नाआधीचं आडनाव. सगळं मुळाक्षरं गिरवावीत तसं नीट लिहिलं. मग एक प्रश्न आला. तुम्ही कधी अन्य कोणत्याही नावाने ओळखल्या जात होतात का? मी ‘नाही’च्या चौकोनात फुली मारली आणि पान उलटलं. आपल्याकडे अन्य नाव असतं कुणाला? पेपरात छापून येतं, ‘अमुक उर्फ तमुक यास अटक’. उर्फवाली माणसं पोलिसांच्या यादीत असतात. मी सरळ घरची मुलगी. मला कुठलं आलंय उर्फ!

महिन्याभराने उत्तर आलं. दारातल्या फटीतून पत्रं आत पडली की आमच्याकडे थपकन आवाज यायचा आणि मी हातातलं काम टाकून धावायचे. त्या दिवशी पाकिटावर नोंदणीवाल्यांचा शिक्का होता. मी उभ्याउभ्याच फोडलं. आपण पाठवलेली प्रमाणपत्रं दुसऱ्या व्यक्तीची आहेत. त्या व्यक्तीचं नाव वेगळं आहे. आपण अन्य नाव नसल्याचं जाहीर केलेलं आहे. याचा खुलासा करावा.

दुसऱ्या व्यक्तीची! मी पत्र पुन्हा एकदा वाचलं. ती दुसरी व्यक्ती मीच होते.

आता हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. लग्न झाल्यावर पुण्याला सासरी आले तेव्हा ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात एक नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि त्या संध्याकाळपासून मी ती झाले. नाव सासूबाईंनी निवडलं होतं. चांगलं होतं, मुलाच्या नावाशी जुळणारं. पुण्यातल्या एजंटने पासपोर्टही त्याच नावाचा काढून आणला. कुठे काय प्रतिज्ञापत्र केलं, कुठल्या पेपरात जाहिरात दिली, मला आठवत नाही. त्याने बोट ठेवलं तिथे मी सह्या केल्या. आडनाव बदललं ते मी फॉर्मवर लिहिलं होतं, कारण तसा रकाना होता. पण आख्खं नावच बदललं, हे ‘अन्य नाव’ होतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला ते लग्नातला एक विधी वाटला होता. मंगळसूत्र, जोडवी, नाव.

नवरा घरी आला. मी पत्र त्याच्या हातात दिलं. सासरी त्याला ‘अहो’ म्हणायचे, पण हाउन्सलोत तो ‘अरे’ झाला होता.

“अरे, आता काय करायचं?”

“इतकं काय त्यात? ओव्हरसाइट झाला म्हण. बॉक्स चुकून टिक झाला,” तो टाय सोडत म्हणाला. “सॉरी म्हणून मोकळी हो.”

“पण चुकून नाही झालं. मी विचार करून मारलीये फुली.”

“मग तर तू ते बिलकूलच सांगू नकोस.”

मला त्याचा असा राग आला की त्या रात्रीचा भात करपला. राग यायचं खरं कारण म्हणजे त्याचं म्हणणं मला पटायला लागलं होतं. एक छोटंसं खोटं, आणि सगळं सरळ होणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी कौन्सिलला फोन केला. जी माझी मॅनेजर होणार होती, ती बाई वेल्सची, पांढऱ्या केसांची, सावकाश बोलणारी. तिने मला भेटायला बोलावलं. तिचं ऑफिस म्हणजे एका मोठ्या खोलीतला एक कोपरा होता. मी तिला तांदूळ, अंगठी, पेढे सगळं सांगितलं. माझं इंग्रजी घाबरल्यावर पळायला लागतं, त्यामुळे ‘प्लेट ऑफ राइस’ मी चार वेळा म्हटलं असेन. ती हसली नाही.

“आणि ते नाव लिहिलं जात असताना तू काय म्हणालीस?” तिने विचारलं.

मी आठवायला लागले. काहीच आठवेना. फोटोत मी हसतेय, एवढं ठाऊक होतं.

“मला कुणी विचारलं नव्हतं,” मी म्हणाले. सांगताना मला कुणाची तक्रार करायची नव्हती. पण ते वाक्य इंग्रजीत फार उघडंवाघडं ऐकू आलं आणि मला सासूबाईंचीच लाज वाटायला लागली. त्यांचंही नाव बदललं होतं. त्यांच्या सासूचंही.

“हे बघ,” मॅनेजर म्हणाली, “तुझं नाव काय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. तू खरं सांगतेस की नाही, एवढंच ते बघतायत. जे झालं ते लिही. आणि लवकर लिही. मला ही जागा महिनाअखेरीपर्यंतच धरून ठेवता येईल. दुसरी एक उमेदवार वाट बघतेय.”

बसमध्ये बसल्यावर मी दिवस मोजले. महिनाअखेरीला साडेतीन आठवडे होते. आणि समजा, त्यांनी ठरवलंच की ही बाई खोटारडी आहे, तर? एकदा तसा शिक्का बसला की या देशात पुन्हा कुठलीच नोंदणी होणार नाही. सँडविच, सँडविच आणि सँडविच. डोक्यावरून विमानं इतकी खालून जात होती की त्यांची चाकं दिसत होती, आणि मी प्रत्येक विमानाकडे बघून मनात म्हणत होते, जावं झालं परत.

खुलासा मी पाच वेळा लिहिला. पहिल्यात इतकी माफी मागितली होती की वाचणाऱ्याला वाटावं, हिने खूनच केलाय. तिसऱ्यात संस्कृतीवर व्याख्यान झालं. पाचव्यात फक्त जे झालं ते लिहिलं, आणि शेवटी हेही लिहिलं की मी फुली चुकून मारलेली नाही, मला प्रश्नच वेगळा समजला होता. नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, “बघ बुवा, तुझी तू.” मी पाकीट पेटीत टाकलं आणि त्याच क्षणी वाटलं, ओव्हरसाइटच म्हणायला हवं होतं.

दहा दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. खुलासा मिळाला. आता अशा व्यक्तीचं शपथपत्र पाठवावं जी आपल्याला दोन्ही नावांनी ओळखते, लग्नाच्या आधीपासून ओळखते, आणि जी आपला पती नाही.

अशी व्यक्ती म्हणजे माझे बाबा. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. बाबा नागपूरला एकटे राहायचे, शाळामास्तर म्हणून रिटायर झालेले. घरात असून ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ हे त्यांनी आम्हाला जन्मात कधी सांगायला लावलं नाही, मग दारात विमा एजंट असो की वर्गणीवाले. माझं जुनं नाव त्यांनीच ठेवलेलं. नवं त्यांनी कधी घेतलं नाही. भांडण वगैरे काही नाही. व्याह्यांसमोर ते मला नुसतं ‘बेटा’ म्हणायचे, आणि फोनवर जुन्या नावाने हाक मारायचे. जगात तेवढे एकटेच मारायचे.

मी फोन केला.

“काय होऊन राहिलं तिकडे?” त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. ते मध्येमध्ये ‘हं’ म्हणत राहिले.

“म्हणजे मी लिहून द्यायचं की ती तूच,” ते म्हणाले.

“हो बाबा. आणि लवकर हवंय. उशीर झाला तर जागा जाईल.”

“उद्या कोर्टात जातो.”

ते लगेच गेले, पण नोटरी नव्हता. पुन्हा गेले तर स्टॅम्प पेपर संपले होते. तिसऱ्या दिवशी वकिलांचा संप. मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी फोन करायचे आणि रोज त्यांच्यावर ओरडायचे. सत्तरीतल्या माणसाला मी उन्हातान्हात कोर्टाच्या आवारात चकरा मारायला लावत होते आणि वर ओरडत होते. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तेव्हा मात्र मला महिनाअखेरीशिवाय काही दिसत नव्हतं.

शेवटी कुरिअर आलं तेव्हा हातात चार दिवस उरले होते. शिक्के, तिकिटं, बाबांची शाळेच्या फळ्यावरच्या गोल अक्षरातली सही. नोटरीने छापील नमुन्यात आमची नावं भरली होती. मी एकेक कलम वाचलं. मी अमुक, माझी कन्या तमुक, विवाहानंतरचं नाव हे. या दोन्ही व्यक्ती एकच. मग शेवटचं कलम: कन्येचं पूर्वीचं नाव आता पूर्णपणे सोडून दिलेलं असून तिचे कुटुंबीय किंवा अन्य कोणीही तिला त्या नावाने संबोधत नाही.

मी तसाच फोन लावला.

“बाबा, हे शेवटचं काय लिहिलंय?”

“मी नोटरीला म्हटलं, बाबा रे, हे खोडून टाक, मी संबोधतो. तो म्हणाला, मास्तर, खाडाखोड केली तर तिकडचे लोक कागद परत पाठवतात. छापील आहे ते, सगळेच सह्या करतात.”

“मग?”

“मग केली सही. तू म्हणाली ना, लवकर पाहिजे.”

खरं सांगू की खोटं, म्हणून मी तीन आठवडे झोपले नव्हते. आणि शपथेवर खोटं लिहायची वेळ त्यांच्यावर आली होती, माझ्यामुळे. मी म्हटलं, “मी नाही पाठवत हे. दुसरं करून घेऊ.”

“वेडी का तू? पाठव आजच,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी पाठवलं. हो, पाठवलं. त्या कलमावर बोट ठेवून मी कुणाला सांगितलं नाही की हे खरं नाही. खुलाशात एवढा खरेपणा मिरवला होता, तो इथे मूग गिळून बसला. स्पेशल डिलिव्हरीने पाकीट गेलं, आणि महिना संपायच्या आदल्या दिवशी मॅनेजरचाच फोन आला की नोंदणी मंजूर झाली, सोमवारपासून ये. मी दुकानाच्या मागच्या खोलीत, ब्रेडच्या क्रेटवर बसून रडले. सुपरवायझरने मला पाणी आणून दिलं.

घरी आल्याआल्या बाबांना फोन केला. “बाबा, झालं! मी सोशल वर्कर झाले!”

“शाब्बास,” ते म्हणाले. मग त्यांनी मला नावाने हाक मारली. नव्या नावाने. जीभ वळत नसल्यासारखी, दोन तुकड्यांत, सासूबाईंनी निवडलेल्या त्या नावाने.

मला वाटलं, शेजारी कुणी बसलं असेल. “बाबा, असं काय हाक मारताय? घरी कोणी आलंय का?”

“नाही, कोणी नाही.”

“मग?”

“लिहून दिलंय ना मी,” बाबा म्हणाले.

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. मला जुन्या नावाने त्यांनी पुन्हा हाक मारली नाही.