वळणावर कुणाचं गाणं?

शिवाजीनगरहून एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर जेवणाच्या डब्याएवढी पेटी होती. कंडक्टरने तिच्याकडे संशयाने पाहिलं. गाड्यांनी एकमेकींशी बिनतारी बोलावं म्हणून असते ही पेटी, असं मी सांगितलं. "गाड्यांचं राहू द्या मॅडम, पॅसेंजर बोलायचे थांबले तरी पुष्कळ झालं," म्हणत त्याने तिकीट हातावर ठेवलं. इंजिनिअरिंग कॉलेजात मी हाच विषय शिकवते. इतकं थोडक्यात मत आजवर कुणी दिलं नव्हतं.

राहुरीला उतरून देवळाली प्रवरा गाठलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दोन पुरुष उंच ऊस. गाळपाचा हंगाम जोरात होता आणि कारखान्याकडे निघालेल्या प्रत्येक ट्रॅक्टरवर मोठाले भोंगे होते, प्रत्येकाचं गाणं वेगळं. पुण्यात असं कुणी वाजवलं असतं तर मी खाली उतरून भांडले असते. गल्लीत माझा तसा लौकिकच आहे.

पेटीच्या चाचणीसाठी उतरले होते ऊस वाहणाऱ्या रंगनाथभाऊंकडे. वर्षानुवर्षं ट्रॅक्टर चालवून त्यांचे कान गेलेले. त्यांच्या बायकोने, सुमनवहिनींनी, बाजरीची भाकरी आणि शिपी आमटी (डाळींची झणझणीत आमटी) वाढली.

"यांचा जीव ट्रॅक्टरात हाय," त्या म्हणाल्या. "पर वळनावर समूरच्याचं गानं यांना ऐकू येत न्हाई. तुमची पेटी चालली तर ठीक, न्हाईतर आजपासनं चावी माज्याकडं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. निम्मं आमटीचं होतं.

माझ्या विद्यार्थ्यांनी इतर ट्रॅक्टरांवर आधीच पेट्या बसवल्या होत्या. आता भाऊंच्या ट्रॅक्टरवर शेवटची बसवली. दुसरी गाडी जवळ आली की पेटीवरचा लाल दिवा लागणार होता. उसाची ट्रॉली घेऊन निघालो, मी मडगार्डवर जीव मुठीत धरून. वाटेत दिवा छान लागत होता. कारखान्याच्या यार्डालगतचं वळण आलं आणि दिवा थंड! उसाआडून गाणं मात्र ऐकू आलं. मी भाऊंचा सदरा खेचला, त्यांनी ब्रेक दाबला आणि दत्तू नावाच्या ड्रायव्हरची रिकामी ट्रॉली पुढ्यातून निघून गेली. यार्डात पोचल्यावर भाऊंनी चावी काढून खिशात ठेवली, वहिनींना द्यायला. माझी मान वर होईना.

यार्डात ट्रॅक्टरांची ही रांग, पण सगळे भोंगे गप्प. दत्तू चौकशीला मागे आला होता. त्याला विचारलं, इथे गाणी का बंद?

"समदेच वाजवाया लागले तर वळनावरच्याचं कुनाला कळंल? उभ्या गाडीनं गप बसायचं. वळन आलं की वाजवायचं. आमची रीतच हाय."

मी कपाळावर हात मारला. माझ्या पेट्या यार्डात उभ्या उभ्याही सेकंदाला दहा वेळा "मी इथे, मी इथे" ओरडत होत्या. त्या कलकलाटात दत्तूच्या पेटीचा निरोप विरून गेला होता. लॅपटॉप काढला आणि यार्डाची रीत पेट्यांना शिकवली: उभी असशील तर जवळजवळ गप्प, वळणापाशी बोल.

तोवर दत्तू आपल्या वाटेला लागला होता. भाऊंना हातवारे करून आणखी एक फेरी मारायला लावली. त्याच वळणाच्या अलीकडे दिवा लागला. लख्ख लाल! भाऊंनी आपणहून ब्रेक दाबला. मी आनंदाने ओरडले.

भाऊ मात्र दिव्याकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "येतंय कुनीतरी, ते कळलं. पर कोन? गानं कोन्तं हाय, ताई?"

मी त्यांच्या कानाशी ओरडले, "बेंजो! वरातीतला!"

"दत्तू!" भाऊ खुलले, आणि समोर काही दिसायच्या आधीच त्यांनी हात वर केला.

परतीच्या एसटीत मी अहवालात एक ओळ वाढवली: गाडी येते आहे, एवढं पुरत नाही; कोण येतंय तेही दिव्याने सांगावं. तेवढ्यात मागच्या सीटवर कुणीतरी मोबाईलवर मोठ्याने गाणं लावलं. मी वळले. भांडायला नाही, कोण आहे ते बघायला.