ढग बघून मागितलेला पाऊस

जेल्फा शहराच्या हवामान केंद्रातला मबरूक पाचही वेळचा नमाजी. नकाशे बाजूला सारून कचेरीतच चटई अंथरायचा. सोबतचे चिडवायचे, की बाबा रे, वरच्याशी तुझी एवढी ओळख, तर निदान आपले अंदाज तरी चुकू नयेत. तोही हसायचा. विज्ञान आणि देव त्याच्या डोक्यात कधी भांडले नाहीत. एकदा भांडले असते तर बरं झालं असतं.

त्या वर्षी माळ करपला, मेंढ्यांची हाडं दिसायला लागली. लोक म्हणू लागले, पावसाची नमाज ठेवा. इमाम सी लखदर भला माणूस, पण चारचौघांत हसं व्हायला फार भ्यायचा. मागच्या खेपेला नमाजेनंतर महिनाभर आभाळ कोरडं राहिलं आणि बाजारात त्याची फिरकी घेतली गेली होती. म्हणून तो गुपचूप मबरूककडे आला. कधी ठेवू, विचारलं. मबरूकने नकाशे बघितले आणि सांगितलं, गुरुवारी. यात काही वावगं आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

गुरुवारी सगळं गाव मैदानावर लोटलं. पुरुषांनी रिवाजाप्रमाणे अंगावरचे बुरनूस, टोपीचे लोकरी झगे, उलटे करून पांघरले. बायकांच्या रांगेत मबरूकची आई मेसऊदा ढसाढसा रडली. शुक्रवारी पाऊस कोसळला. माझ्या लेकाचे हात रिकामे परत येत नाहीत, असं म्हातारी दारोदार सांगत सुटली. मबरूक गप्प बसला. तिथेच चुकलं त्याचं.

पुढचं साल त्याहून वाईट निघालं. सी लखदर पुन्हा आला, पण नकाशावर ढगाचा ठिपका नव्हता. मबरूक म्हणाला, थांबा. इमाम थांबला आणि थांबता थांबता हंगाम गेला. लोकांनी मेंढ्या येईल त्या भावाने विकल्या. मैदानावर कोणी उभं राहिलंच नाही. नमाज का नाही, म्हणून आई रोज टोचायची. शेवटी वैतागून त्याने सगळं सांगून टाकलं, मागच्या वर्षीचंसुद्धा.

 म्हातारी म्हणाली, "येणारच होता तर मागितला कशाला, लेकरा? आणि येत नाही असं कळलं, तेव्हाच तर मागायचा होता."

"यम्मा, लोकांचा विश्वास उडाला असता."

"लोकांचा का तुझा?"

 नमाज त्याने सोडली नाही, पण हात उचलले की मन आधी आकडे शोधायचं. फार शरम वाटायची. कोणाला सांगणार?

हिवाळ्यात आईने अंथरूण धरलं. एका दुपारी मबरूक घरी आला, तर आत बहीण खैरा आईला म्हणत होती, दादा आला की त्याला दुआ करायला सांगते.

"त्याला नको," आई म्हणाली. "तो आधी डॉक्टरला विचारील. तूच कर."

मबरूक दारातच थबकला. तो डॉक्टरांकडूनच येत होता. आता काही उपयोग नाही, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि घरापर्यंतच्या वाटेत त्याच्या तोंडून एकही दुआ निघाली नव्हती.