राणीछाप रुपयाची पारख

पनवेलच्या खांदा कॉलनीत आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये एक बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, गृहस्थ राहायचे. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, पोस्टातून निवृत्त झालेले. शनिवार त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा वार, म्हणून रविवारी सकाळी ते एखादं जुनं नाणं खिशात घालून माझ्याकडे येत. आम्ही खिडकीच्या उजेडात बसून त्या नाण्याची प्रत, म्हणजे ते किती झिजलंय ते, ठरवायचो.

आमची प्रत कधी जुळली नाही. मी कडक, ते उदार. राणीछाप रुपया असला की कडेला धरून, भिंग लावून ते आधी मुकुट बघत, मग कानावरचे केस. "बटा मोजता येतायत की! एक्स्ट्रा फाइन."

"आणि गालावरची झीज? व्हेरी फाइनच्या वर मी जाणार नाही."

तासभर हेच. आतून माझी बायको ओरडायची, "अहो, त्या राणीला तरी विचारा एकदा!"

बायको वारली, त्यानंतरच्या रविवारीसुद्धा ते आले. सांत्वनाचं एक अक्षर बोलले नाहीत. टेबलावर नाणं ठेवलं आणि म्हणाले, "बघ." त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट जेवलो.

दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी त्यांना इस्रायलला घेऊन गेली. मधले कितीतरी रविवार मी एकटाच भिंग घेऊन बसलो. स्वतःच प्रत ठरवायची आणि स्वतःच मान्य करायची, यात काही राम नव्हता.

मग बाजारातल्या सोनाराकडे मोडीत आलेला एक राणीछाप रुपया मिळाला. मी व्हिडिओ कॉल लावून तो कॅमेऱ्यासमोर धरला.

"नाही रे दिसत," ते म्हणाले. "डोळ्यांत मधोमध काळा डाग आलाय. तू सांग, मी ऐकतो."

मी सगळं सांगितलं: मुकुट, केस, काठावरचा पोचा. शेवटी म्हणालो, "व्हेरी फाइन."

"बरोबर. तू म्हणतोस तेच."

मी त्यांच्या 'एक्स्ट्रा फाइन'ची वाट बघत राहिलो. त्यांनी माझ्या जेवणाचं विचारलं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम एक वाईट नाणं काढलं. कुणीतरी चिंच लावून घासलेलं, मूळ झळाळी पार गेलेली, अंगभर बारीक ओरखडे. म्हणालो, "हे तर टाकसाळीतून आत्ता आल्यासारखं आहे. कोरं करकरीत."

"वा! नशीबवान आहेस."

मला स्वतःचीच लाज वाटली. "खोटं बोललो मी," मी म्हणालो. "घासलेलं आहे. पार वाया गेलंय."

"मग असं का सांगितलंस?"

"तुम्ही भांडाल म्हणून."

पलीकडून कुणीतरी हिब्रूत काही विचारलं, त्याला त्यांनी उत्तर दिलं. मग हळू आवाजात मला म्हणाले, "भांडायला दिसावं लागतं रे बाबा."

अजून दर रविवारी फोन होतो. ते विचारतात, पनवेलला ऊन फार आहे का, बोंबील काय भावाने मिळतात. मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करतो. पाच-सात मिनिटांत बोलणं संपतं. नाण्यांचा विषय आम्ही दोघंही काढत नाही. मी फोन ठेवतो तेव्हा जेमतेम दहा वाजलेले असतात, आणि सबंध दिवस पुढे पडलेला असतो.