मागे उभा राहिलेला मामा

माझं लग्न नांदुऱ्याला, आमच्या भाजीच्या मळ्यातच मांडव घालून झालं. आईला सख्खा भाऊ नव्हता. मामा म्हणून उभा राहणारा तिचा चुलतभाऊ डोणगावहून यायचा होता, पण मुहूर्त टळायला आला तरी त्याचा पत्ता नाही. इकडे भटजी ओरडताहेत, "मुलीचे मामा, मुलीला आणा!"

तेवढ्यात सकाळपासून वऱ्हाडात चहा देत फिरणारा, पांढऱ्या टोपीतला एक माणूस पुढे आला. माझा हात धरून म्हणाला, "चाल बाई."

मला वाटलं, सासरकडचं कोणी वडीलधारं आईची अडचण पाहून धावून आलं. आईलाही तसंच वाटलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत तो माझ्यामागे उभा होता. निघताना मी पाया पडले, तर त्याचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी खामगावला सासूबाई म्हणाल्या, "तुह्या मामाले आहेर द्याचा राह्यला व. लई कामाचा मानूस."

"माह्या मामाले? आत्याबाई, ते तं तुमच्याकडले होते न?"

त्या धान्य पाखडता पाखडता थांबल्या. "आमच्यात असा कोनीच नाई, बाई."

कोण कुठल्या माणसाचा हात धरून मी बोहल्यावर गेले होते! नणंदेनं घाईघाईनं दागिन्यांचा डबा उघडला. सगळं जागच्या जागी होतं. नांदुऱ्याला निरोप गेला तेव्हा आई म्हणे, "मंग कोन होता तो?" एवढंच विचारत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्याच गल्लीत लग्न निघालं. मांडवात शिरले, तर समोर तोच! हातात पाण्याची बादली, नवरदेवाच्या चुलत्याशी हसून बोलत होता. मी जवळ जाऊन विचारलं, "तुमी कोनाकडले?"

त्यानं मला ओळखलं. पण घाबरला नाही.

"अजून ठरलं नाई, बाई," तो हळूच म्हणाला. "ज्यायले मानूस कमी पडन, त्यायच्याकडला."

मी धावत घरी गेले, सासूबाईंना घेऊन आले. तोवर तो त्या गर्दीत कुठे मिसळला, दिसेचना. नवरदेवाच्या चुलत्याला विचारलं.

"तो?" चुलता म्हणाला. "पोरीकडला असन."

सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला.