शनिवारी कुणाकडे जायचं

“जी घरात चार शब्द बोलत न्हाय, ती त्या बाईपुढं जाऊन काय बोलणार हाय?”

स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला. मी बाहेर सोफ्यावर केस विंचरत होते.

“हळू बोला वन्सं, ऐकंल ती,” आई म्हणाली.

“ऐकू दे की. चिडून तरी कायतर बोलंल.”

त्या बाई म्हणजे माझ्या कौन्सेलर. कॉलेजात एकदा भर तासाला छाती धडधडायला लागली, हात बधिर झाले आणि मी वर्गातून उठून आले. मग तसंच बसमध्येही व्हायला लागलं. घरी मी ‘अ‍ॅसिडिटी’ एवढंच सांगितलं. डॉक्टरांनी ईसीजी बघून कौन्सेलरकडे पाठवलं. आईनं त्याला ‘टेन्शन’ असं नाव दिलं. मग कागलची आत्या आली आणि तिच्याच गावातल्या, ओळखीच्या एका हीलिंगवाल्या ताईंकडे मला गाडीनं घेऊन गेली. आता ताईंचं म्हणणं, एकाच वेळी दोन्हीकडे नको, ऊर्जा विस्कटते. दोघींनी शनिवारचीच वेळ दिली होती आणि आज शनिवार होता.

मला खरंच काही ठरवता येत नव्हतं. बाईंशी मी इंग्रजीत बोलते, शाळेपासूनची सवय. ‘ओव्हरव्हेल्म्ड’, ‘ट्रिगर’ वगैरे शब्द इतके व्यवस्थित वापरते की बाई मान डोलावतात आणि मला तोंडी परीक्षा चांगली गेल्यासारखं वाटतं. घरी येते तेव्हा आत सगळं होतं तसंच असतं. ताई काहीच विचारत नाहीत. चटईवर झोपवतात, तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासतात. तिथे मी पहिल्याच दिवशी रडले. का, ते माहीत नाही. बरं वाटलं, झोपही लागली. दुसऱ्या दिवशी बसमध्ये पुन्हा तेच.

त्यात श्वासाचा व्यायाम दोघींनी एकच शिकवलाय. नाकानं हळू आत, त्याहून हळू बाहेर. बाई म्हणतात, यानं मज्जासंस्था शांत होते. ताई म्हणतात, हृदयचक्र उघडतं. मी तो करते तेव्हा नक्की कुणाचं ऐकते, मलाच सांगता येत नाही.

आत्या पदराला हात पुसत बाहेर आली. “चल, सांग बघू. ताईंकडं जायाचं, का तुझ्या बाईकडं? आज गाडी न्हाय, कागलला यष्टीनंच जावं लागंल.”

‘काहीही चालेल’ म्हणायला मी तोंड उघडलं. नेहमी तेच म्हणते. पण यष्टी म्हटल्यावर तळहातांना घाम सुटला होता. पाठ असलेले सगळे इंग्रजी शब्द आठवत होते. आत्यापुढे त्यातला एकही चालला नसता. हे मराठीत मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं, बाईंना नाही, ताईंनाही नाही.

“कुठं जायचं ते मला कळत नाही, आत्या,” मी म्हणाले. “बसमध्ये बसले की मला वाटतं, मी आता मरणार. दर वेळी वाटतं.”